कोइम्ब्राला न पोहोचलेला निरोप

मकाव, १४ मे

प्रिय सोक-मान,

काल आपल्या पोर्तुगीज विभागात तू माझ्यासाठी खुर्ची ओढलीस, चहा मागवलास आणि मी घोटभरही न घेता उठून आले. फिलोमेनाबाई आता थकल्या, असं तुला वाटलं असेल. जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून हे पत्र शिपायाच्या हाती पाठवते आहे.

तुझी आई मला पहिल्यांदा भेटली ती तिच्या पेजेच्या गाडीवर. तू पोर्तुगीज शिकतेस याचं तिला कोण कौतुक! ‘ह्या भाषेत साहेबलोक आम्हाला नुसतं “बाजूला हो” म्हणायचे, बाई. आता माझी पोरगी त्यांच्याच गावात जाऊन त्यांना ऐकवणार!’ असं म्हणून हसत सुटायची. पोर्तुगालमधल्या कोइम्ब्राच्या विद्यापीठात पाठवायला मी तुझी निवड केली, तेव्हा हातातला डाव तसाच धरून रडली होती.

फेब्रुवारीत तिचं दुखणं कळलं. ‘परीक्षा होईपर्यंत पोरीला सांगायचं नाही,’ हे तिनंच मला बजावलं, हे खरं. रविवारी तुझा फोन आला की इस्पितळातल्या उशीला टेकून, दम खात, ‘गाडीवर गर्दी आहे गं, ठेवते,’ म्हणायची. मग मी तुझी पत्रं वाचून दाखवायची. तिथले चढ, घरमालकिणीचं कोबीचं सूप, तुझ्या उच्चारांना हसून नंतर तुझ्याच वह्या मागणारी मुलं. तेवढा वेळ ती कण्हायची नाही.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी ती गेली. तू धक्क्यावर उतरलीस ती पहिला नंबर आल्याचा कागद नाचवत. मी म्हणाले, ‘आईचीच तशी इच्छा होती.’ त्या एका वाक्यावर तू वीस वर्षं काढलीस.

ते वाक्य अर्धं आहे. जायच्या चार दिवस आधी तिनं माझं मनगट धरलं. ‘चुकलं माझं, बाई. परीक्षा गेली खड्ड्यात. बोलवा तिला.’ दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘निघाली का?’ मी म्हणाले, ‘निघाली.’ सोक-मान, मी फोनला हातही लावला नव्हता. त्या वर्षी तिथं पाठवलेली आपली बाकी मुलं आधीच नापास झाली होती. तुझी परीक्षा हुकली असती तर मुलं पाठवणंच बंद झालं असतं, आणि त्यासाठी मी बारा वर्षं खपले होते. तू पहिली आलीस, सगळं तगलं. ती मात्र शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

काल तू सांगितलंस, लिस्बनला शिकायला गेलेल्या तुझ्या विद्यार्थिनीचे, का-यानचे वडील अत्यवस्थ आहेत आणि घरचे तिला कळवू नका म्हणताहेत. वर म्हणालीस, ‘तुम्ही माझ्यासाठी केलंत तेच मी करणार, बाई.’ म्हणून लिहिलं. मला क्षमा करू नकोस. भेटायलाही येऊ नकोस, तुझ्यासमोर उभं राहणं मला जमणार नाही. हा कागद खाली ठेव आणि आधी त्या मुलीला फोन लाव.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
फिलोमेना