सोनं लागावं की लेक यावी

तामलवाडी. मंगळवार, दिवेलागण.

दुपारी अश्विनीचा फोन. कर्नाटकात जमिनीखालचं सोनं शोधायच्या कामावर लेक गेली, त्याला दीड वर्ष झालं. म्हणाली, "आई, वाकळ दुमडून बघ. खडक असेच दाबानं दुमडलेत. घडी वळते तिथं सोनं साठतं, वरून दिसत न्हाय. मी दाखवली त्या जागी उद्या बोअर पाडणारेत."

"आन् न्हाय लागलं तर?"

"तर काम बंद. येते तुझं डोकं खायला!" हसली, पण लगेच म्हणाली, "लागायलाच हवं गं." सोनं लागलं तर अजून तीन वर्षं तिकडंच.

मगाशी देवळात जाऊन देवीपुढं नारळ ठेवला. नवस तोंडानं बोलावा लागतो. तोंडून निघालं, "पोरगी घरी येऊ दे." म्हणजे सोनं लागू नये, हेच मागितलं की मी! आई ना मी तिची?

पुजारीणबाईंनी विचारलं, "काय मागितलंस गं?"

"सोनं लागू दे म्हटलं." देवळात उभं राहून खोटं बोलले.

घरात बोलायला कुणी नाही, म्हणून तोंडून 'घरी येऊ दे' निघालं असेल का? पण नवस तो नवस. सकाळी बोअर सुरू व्हायच्या आत दुसरा नारळ घेऊन जाईन. देवी आई, 'सोनं लागू दे' एवढं मोठ्यानं म्हणायला बळ दे.