गळ्यापर्यंत भरलेले कॅन

३ मार्च

चि. ढब्ब्या,

ताईचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. दंड माझ्या मांडीएवढे झाले तरी माझ्यासाठी तू ढब्ब्याच.

आईचा गुडघा आता बरा आहे. तुझ्या मुतखड्याचं तिला सांगितलेलं नाही. "रविवारी का फिरकत नाही तो गाढव?" म्हणून विचारते आणि तुझ्या वाटणीचं जेवण झाकून ठेवते. प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर समुद्रशेवाळ वाळतंय. त्याचा वास दोनदा न्हाऊनही केसांतून जात नाही.

आता मुद्दा. शेवाळाच्या कॅप्सूलनं मुतखडा टळतो, असा माझा जो पेपर छापून आला होता, तो आज सकाळी मी मागे घेतला. संशोधनपत्रिकेला पत्र पाठवून मोकळी झाले. दवाखान्यात तू म्हणाला होतास, "पेपर मागे घेतलास तर मला तोंड दाखवू नकोस." नाही दाखवत. पण हे वाच.

प्रयोगशाळेच्या सरांनी खूप समजावलं. "दोन ओळींची दुरुस्ती छापू. चाचणीतली मुलं जरा जास्त पाणी प्यायली, त्यात काय आकाश कोसळलं?" मी म्हटलं, "सर, लघवीत खडे धरणारे क्षार कमी दिसले ते त्या पाण्यानं. शेवाळानं काय केलं, ते आपल्याला माहीतच नाही." मग म्हणाले, पुढच्या वर्षी तुझी जागा राहील की नाही, सांगता येत नाही. म्हटलं, नका सांगू. दुसऱ्यांच्या काचेच्या नळ्या धुवीन, पण हे माझ्या नावावर ठेवणार नाही.

तुझा राग धरायचा म्हटलं तरी धरवत नाही. कळा येऊन वाकडा झालेला असताना तू कबूल केलंस, की कॅप्सूल घ्यायच्या आठवड्यात चाचणीत घेतलेल्या तुझ्या जिममधल्या बाराही पोरांना तू दम भरला होतास: "ताईचं औषध पास झालंच पाहिजे. ढोसा पाणी!" घोटाळा करून करून केलास तो पाण्याचा! पण त्याच पेपरची फ्रेम तू जिमच्या भिंतीवर लावलीस. पोरं शेवाळाच्या भरवशावर प्रोटीनचे डबेच्या डबे रिचवतात, पाण्याकडे बघत नाहीत. तूही तेच केलंस, आणि खडा तुलाच झाला.

दवाखान्यात मी तुझ्यावर ओरडले, "मला फसवलंस!" नर्ससुद्धा दचकली. ते खोटं होतं, ढब्ब्या.

चोवीस तासांची लघवी जमवायचे ते पांढरे कॅन तुम्ही आणून दिलेत, तेव्हा आत उचलून नेले मीच. कॅप्सूल नसलेल्या आठवड्यात ते अर्धे होते. कॅप्सूलच्या आठवड्यात गळ्यापर्यंत भरलेले. तुझा उचलताना माझं मनगट लचकलं. मापाचे आकडे वहीच्या रकान्यात मीच लिहिले. पाहिले, समजले आणि पान उलटलं. संशोधनाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी जमत होतं रे. कुणी विचारू नये म्हणून मीही तुला विचारलं नाही. मला लाज वाटते.

तुझी शरीरसौष्ठवाची स्पर्धा अकरा दिवसांवर आली. शिरा उठून दिसाव्यात म्हणून तुम्ही आधी दोन दिवस पाणी तोडता, हे मला ठाऊक आहे. डावीकडचा खडा अजून आत आहे. या वेळी पाणी तोडलंस तर मी बाटली घेऊन थेट स्टेजवर चढेन आणि सगळ्यांसमोर "ढब्ब्या, पी!" म्हणून ओरडेन. ताईची हिंमत होणार नाही असं वाटत असेल, तर सरांना विचार.

फ्रेम उद्याच उतरव. त्या खिळ्याला साधा कागद लाव: पाणी प्या. खाली माझं नाव घातलंस तरी चालेल. तेवढं मला खात्रीनं माहीत आहे.

माझ्यासाठी दिवसाला चार-चार लिटर प्यायलास ना? आता स्वतःसाठी पी. तोंड नंतर कधीतरी बघ.

आकडे बघूनही गप्प बसलेली,
तुझी ताई