रिकामी म्हणून सोडलेली कोंबडी

माय, माझ्या सगळ्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय. महिना होऊन गेला. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, पिसं झडायलीत, दिवस बी लहान झालेत, जरा दम धरा. दम माझ्यात कधी होता? तो तुझ्यात होता, आणि त्याचं काय झालं ते मी दारात उभी राहून पाहिलंय. रोज सकाळी मी एकेकीला चाचपते, बोटाला काही लागत नाही, आणि रागानं मी तिला अंगणात भिरकावते.

चाचपायला तूच शिकवलंस. मी आठ वर्षांची होते. खुराडं उघडलं की एकेक कोंबडी काखेत धरायची, शेपटीखाली बोटानं दाबून बघायचं. टणक लागलं तर तिला डालग्याखाली झाकायचं, अंडं घालेपर्यंत सोडायचं नाही. रिकामी असेल ती मोकळी. नाहीतर भरलेली कोंबडी गावात कुठंही अंडं टाकून येते. मला त्या कामाची किळस यायची. त्या वर्षी थंडीत मी चाचपणंच सोडलं. दार उघडायचं, आपल्या सहाही कोंबड्या बाहेर हाकलायच्या, आणि चुलीपाशी येऊन तुला सांगायचं, "समद्या रिकाम्या हायेत." तू मान हलवायचीस. असे पंधरा दिवस गेले.

मग तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात संशय शिरला. त्याला मी आता बाबा म्हणत नाही. आठवडाभर आधी मामा पाथरीहून येऊन गेला होता, तेवढं त्याला पुरलं. "अंडी कुठं चाल्लीत? भावाला पोचती करायलीस व्हय?" तू म्हणालीस, "देवाशप्पथ, एक बी अंडं घराबाहेर गेलं न्हाई." तो तुझे केस धरून तुला ओट्यावरून खाली ओढतो. जळणातलं बाभळीचं लाकूड उचलतो. पहिले घाव पाठीवर बसतात, मग तू डोक्यावर हात धरतेस आणि मनगटावर बसतो तो घाव मला ऐकू येतो. दादा बैलाच्या गव्हाणीमागं लपलाय. मी दारात उभी आहे. एक वाक्य बोलले असते तर लाकूड थांबलं असतं; थांबलं नसतं, माझ्याकडं वळलं असतं. म्हणून मी बोलले नाही.

तू बोलायची थांबलीस तेव्हा त्यानं उसाचा कोयता घेतला. "अंडीच देईनात तर ठिवायच्या कशाला?" दाणे टाकून जवळ बोलावल्या, आणि धुण्याच्या दगडावर एकेकीची मान ठेवून सहाही तोडल्या. एक मुंडकं नसलेली तशीच पळत माझ्या पायांवर येऊन पडली. माझा परकर गुडघ्यापर्यंत लाल झाला. "कर कालवण," तो तुला म्हणाला आणि पाय धुवायला आडावर गेला.

तू एका हातानं पिसं उपटलीस. दुसरा हात सुजून टम्म झाला होता. पहिली कोंबडी चिरलीस आणि तिच्या पोटातून अख्खं अंडं निघालं, टणक कवचाचं, अजून गरम. त्याच्यामागं ओळीनं पिवळे बलक, मोठ्यापासून हरभऱ्याएवढ्यापर्यंत. तू माझ्याकडं पाहिलंस. फार वेळ नाही. मग ते अंडं चुलीतल्या राखेत खुपसलंस, वर निखारे ओढलेस, आणि म्हणालीस, "जा, पाणी आण." ते अंडं त्याच्यासमोर धरून, पोरीनं न चाचपताच कोंबड्या सोडल्या असं सांगितलं असतंस तर तुझ्यावरचा आळ तिथंच संपला असता. पुढं उन्हाळ्यात तुराट्यांचा ढीग उपसताना खाली बाकीची अंडी सापडली, सडलेली, एका जागी. तीही तू खड्डा करून पुरलीस. "घरात बोलू नको," एवढंच म्हणालीस. मला एक चापट मारली असतीस तरी मी सुटले असते.

तुझं मनगट वाकडंच राहिलं. भाकरी एका अंगाला जाड व्हायची आणि तो तीही तोंडावर फेकायचा. तो मेला, तू राहिलीस, मग तूही परभणीच्या दवाखान्यात नऊ दिवस पडून राहून गेलीस. मी उशाशी होते. नऊ दिवस तुझा तोच हात माझ्या हातात होता आणि मी तुला मोसंबीच्या फोडी सोलून देत राहिले.

रविवारी दादा जेवायला आला होता. अंगणातल्या कोंबड्या बघून म्हणाला, "मायवर गेलीस की! तू कुणाला पोचती करायलीस अंडी?" त्याला अजून तेच खरं वाटतं. माझी सून, नातवंडं, सगळे हसले. तू चोर होतीस हे आता आमच्या घरात जेवताना सांगायची गंमत झालीय. मी गप्प बसले. तो गेल्यावर तांबडी कोंबडी पायाला धरून मी भिंतीवर आपटली, परत आपटली, ती ओरडायची थांबली तरी आपटली. सून घाबरून घरात पळाली. मग मी तिला चिरून पाहिलं. आत काहीच नव्हतं, ती खरंच रिकामी होती.

हे दादाला वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसले होते. नाही दाखवणार, माझं मला माहीत आहे. आणि वर लिहिलंय ना, की मी गप्प बसले? गप्प नव्हते माय. सगळ्यांबरोबर मी पण हसले.