सैल झाकणाची बाटली

प्रिय निळूबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण प्रयोगशाळेत हे नाव तुला मीच ठेवलं होतं, म्हणून धीर करून तेच लिहिते. तू आता शाळेत विज्ञान शिकवतेस, लेक पहिलीत गेली, हे आपल्या काचकामवाल्या काकांकडून कळलं. ते अजून आपल्यासाठी चंबू फुंकतात आणि प्रत्येक चंबू हातात देताना बजावतात, "फोडलात तर माझ्याकडे येऊ नका." आपण फोडतो आणि त्यांच्याकडेच जातो. 'आपण' लिहून गेले बघ. चार वर्षं झाली तरी सवय जात नाही.

गेल्या आठवड्यात शाळेची मुलं आमचं काम बघायला आली होती. पडद्यावर रंग कसे उमटतात ते सांगताना मी तुझंच वाक्य उसनं घेतलं. म्हटलं, हे क्वांटम डॉट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे ठिपके, एकाच आईची तीन लेकरं. पदार्थ तोच, आकार तेवढा वेगळा. थोरला लाल उजेड देतो, मधला हिरवा आणि धाकटा निळा. थोरले दोघे शहाणे, महिनोन्महिने उजळत राहतात. शेंडेफळ मात्र हट्टी, दोन दिवसांत मान टाकतं. आणि तिघं सारखे टिकल्याशिवाय पूर्ण रंगाचा पडदा काही होत नाही. मुलं खुदकन हसली.

तुझा निळा बारा दिवस टिकला होता. बाराव्या दिवशी सकाळी तू मला दारातूनच ओढत आत नेलंस, आठवतं? नखाएवढा तो चौकोन तसाच जळत होता, आणि तू म्हणालीस, "अगं, हात लाव मला, मी जागी आहे ना?" मग तू तेच सगळं पुन्हा केलंस आणि दोन दिवसांत निळा विझला. तिसऱ्यांदा केलंस, चौथ्यांदा केलंस, तेच. सरांनी सगळ्यांना बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आकडे खरे असते, तर पुन्हा आले असते." तू वही त्यांच्यापुढे ठेवलीस आणि निघून गेलीस. मी माझ्या चपलांकडे बघत उभी होते.

त्याआधी सरांनी मला विचारलं होतं, "मधल्या काळात काही बदललं होतं का?" मी म्हटलं, "काही नाही."

बदललं होतं. तुझा पहिला प्रयोग झाल्यावर तपासणीची माणसं येणार म्हणून मी कपाट आवरलं होतं. ठिपके बनवताना तू वापरायचीस ती तेलकट आम्लाची अर्धी बाटली, लेबल पुसट, झाकण सैल. मी ती टाकून दिली आणि नवी सीलबंद आणून ठेवली, तुला न विचारता. सरांनी विचारलं त्या क्षणी मला ती बाटली लख्ख आठवली. पण न विचारता सामान फेकलं हे कबूल करायचं, तेही माझी नोकरी कायम व्हायची असताना! बाटलीने काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली आणि तोंडाला कुलूप लावलं. ती समजूत मी चार वर्षं पुरवून पुरवून वापरली.

या वर्षी आमच्याकडे एक नवी संशोधक आली, तुझ्यासारखीच भराभर बोलणारी. तिचा निळा अचानक नऊ दिवस टिकला आणि मग पुन्हा जमेना. ती रडकुंडीला आली. मी तिला एकच विचारलं, "त्या वेळी आम्लाची बाटली कुठली होती?" तिने कोपऱ्यातली एक दाखवली; नंतर ती नवी वापरत होती. झाकण सैल होतं. आम्ही मोजून बघितलं: आम्लाने हवेतलं पाणी ओढून घेतलं होतं, अगदी कणभर. ठिपका ज्या उघड्या जागांपासून विझायला लागतो, त्या या पाण्यामुळेच झाकल्या जातात, असं दिसतंय. मग कोरड्या आम्लात आम्ही तेवढंच पाणी मोजून घातलं. सहा वेळा केलं, सहाही वेळा निळा टिकला. त्यातल्या पहिल्याचा आज एकेचाळिसावा दिवस आहे, आणि शेजारी लाल-हिरवाही तितकेच ताजे आहेत.

काल मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि बाटलीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तेव्हा सरांनी तुझी वही स्वतःच्या खणातून काढली. म्हणजे ती त्यांनी टाकली नव्हती. म्हणाले, "चूक माझी मोठी. मी तिला विचारलंच नाही, ठरवून टाकलं." ते तुला वेगळं लिहिणार आहेत. शोधनिबंधात पहिलं नाव तुझं आहे, पण तुझ्या सहीशिवाय तो पाठवता येणार नाही, आणि तळहाताएवढा पहिला पूर्ण रंगाचा पडदा जुळवायचं काम तू करावंस असं सगळ्यांना वाटतं. शाळा सोडायची नसेल तर सुट्टीपुरतं कर. हे पत्र त्यासाठी. माफी मागते, पण ती अट म्हणून नाही. मला माफ करून ये, किंवा न करता ये, पण ये.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची