पश्चिमेचा चिखल

गिरगाव, २१ डिसेंबर १९५७

ती. सौ. आनंदीमावशीस,
यशोदाचा नमस्कार. तुझा दमा थंडीत वाढत नाही ना? काकांचा गुडघा कसा आहे? इथे सर्व ठीक आहे. तू सुचवलेलं स्थळ तिने मला का सांगितलं नाही, असं विचारल्यापासून आई मात्र माझ्याशी बोलत नाही.

परळच्या गिरणीमागचं तळं तुला आठवत असेल. मालकांनी उन्हाळ्यात त्याच्या पूर्वेला दगडी भिंत बांधली, आता पश्चिमेलाही बांधायची आहे (वर बाकं आणि दिवे). मोजणी आमच्या कचेरीकडे आहे. मी काठ मोजते आणि बदकंही (हे मला कुणी सांगितलेलं नाही). गेल्या हिवाळ्यात थापट्या बदकं चौसष्ट होती; यंदा तेवीस, तीही सगळी पश्चिमेला. उतरत्या काठावर पाणी उथळ असतं, चिखलात खाणं मिळतं. भिंतीपाशी एकदम सहा फूट खोल. हे दाखवायला मी मालकीणबाईंना मंगळवारी नऊला बोलावलं होतं. सध्या शहरात जो तो राज्याच्या सीमेबद्दल बोलतो आहे, तेव्हा पाण्याच्या सीमेचंही कुणी ऐकेल असं वाटलं.

बरोबर नऊला शाल पांघरलेल्या एक बाई आल्या, सोबत एक तरुण. मालकीणबाई आणि त्यांचा कारकून, असं मी धरून चालले. (समितीच्या मोर्च्यामुळे लालबागचा रस्ता बंद होता आणि खऱ्या मालकीणबाई घरून निघाल्याच नव्हत्या, हे दुपारी कळलं.) बाईंनी माझं वय विचारलं, चष्मा कधीपासून तेही विचारलं. मी उत्तरं दिली आणि त्यांच्या हातात फितीचं टोक दिलं. जरा मागे सरा, असं चारदा सांगितलं. चौथ्यांदा त्या घोट्यापर्यंत आत गेल्या. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. तेवढ्यात माशांची पाटी घेऊन चाललेली राधाबाई थांबली. (बाईंनी तिलाच रस्ता विचारला होता, कारणासकट.) म्हणाली, "अगो बाय, पोरीला बघायला आलीस का चिंबोऱ्या धरायला?"

कारकून म्हणजे तुझे मनमोहन, आणि बाई त्यांच्या आई. आणि भिंतीचा आराखडा त्यांच्याकडेच आहे, हे तू पाहूनच स्थळ काढलंस म्हणे. मी वीस मिनिटं बदकांविषयी बोलले. त्यांनी एकच विचारलं, पाणी किती इंचांपर्यंत चालतं? नऊ, मी म्हटलं. त्यांनी ते टिपून घेतलं आणि आईला धरून नेलं.

तेव्हा माझा नकार कळवावा. त्यांचाही येईलच.

तुझी,
यशोदा

ता. क. चप्पल सापडली. दौलत पहारेकऱ्याने बांबूने काढली. धुऊन वाळत घातली आहे, पोस्टाने पाठवते.

ता. क. (दुसरा) पत्र टाकायचं राहिलं. आज कचेरीत नवा आराखडा आला. पश्चिमेची भिंत नाही, तीनशे फूट उतार तसाच ठेवला आहे. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. मात्र पाण्याची पातळी आहे त्यापेक्षा सहा इंच वर धरली आहे. तसं झालं तर चिखल बुडेल आणि बदकांना काहीच उरणार नाही. इतकी मोठी चूक पत्रातून सांगणं बरं नाही, समोर बसूनच दाखवावी लागेल. त्या दोघांना पुढच्या रविवारी ठाण्याला तुझ्याकडे चहाला बोलाव. वरची नकाराची ओळ तूच खोड, मला शाईचं खोडायची सवय नाही. आणि चप्पल पोस्टाने पाठवत नाही. मीच घेऊन येते.