कन्येच्या तोंडचा आकडा

मानक नगर, लखनौ
नागपंचमी, १९९७

प्रिय रुचा,

"बाबा माझ्यावर रागावलेत का?" असं तू आईला लिहिलंस, ते तिने मला वाचून दाखवलं. त्या रविवारी तू होस्टेलसमोरच्या बूथवरून फोन केलास आणि मी "लाइन खराब आहे" म्हणून मधेच रिसीव्हर ठेवला. लाइन अगदी स्वच्छ होती. तुझ्यामागे कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं, तेही मला ऐकू येत होतं. तर सांगतो, मी रागावलेलो नाही. या घरात रागवायचा हक्क कुणाला असलाच तर तो तुला आहे, आणि तू तो कधी वापरला नाहीस, हेच मला जास्त बोचतं. मी असा का वागलो ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. त्यातलं अर्धंमुर्धं तुला ठाऊक आहे. उरलेलं माझ्याकडूनच कळू दे.

तू दहा वर्षांची होतीस तेव्हा आलमबागच्या भाजीबाजाराच्या टोकाला माणिकलालची लॉटरीची टपरी होती. एक अंकी लॉटरी. शून्य ते नऊ यांतला एक आकडा घ्यायचा, आणि निकाल दिवसातून पाच-सहा वेळा. मी सुरुवात केली ती मोठ्या शिस्तीत, आपल्या ऑफिसच्या पद्धतीने. पगाराच्या दिवशी दहा रुपयांचं एक तिकीट, बस. कुणी पान खातं, कुणी सिनेमाला जातं, आपण हे. वर्षभर मी ते पाळलंही, आणि खोटं कशाला बोलू, मजा यायची. आकडा लागला नाही तर तिकीट फाडून टाकायचं, टोमॅटो घ्यायचे आणि घरी येईपर्यंत विसरून जायचं. ते विसरणं नेमकं कधी बंद झालं हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा कुणी मला सांगायला हवं होतं की बाबा रे, तिकीट फाडल्यावरही ते डोक्यात राहायला लागलं की समज, आता थांबायला हवं. पण सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

मग ते नवरात्र आलं. अष्टमीला शेजारच्या मिश्रांकडे कन्यापूजन होतं. तू पुरी, हलवा, चणे खाऊन, कपाळावर टिळा मिरवत माझ्याबरोबर बाजारात आलीस. माणिकलालने तुला पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "साहब, आज बिटिया से बुलवाइए. कन्या के मुँह से निकला अंक ख़ाली नहीं जाता." आपल्याकडे सांगलीत असं काही कुणी म्हणत नाही. माझी आई असती तर तिने त्याची टपरी डोक्यावर घेतली असती. मी मात्र हसून तुला पुढे केलं. तू स्कूटरवर उभी राहून जोरात ओरडलीस, "पाँच!" आणि पाच लागला. तो लागला नसता तर किती बरं झालं असतं गं.

त्या दिवसापासून तू माझी कन्या झालीस, मुलगी राहिली नाहीस. मी दाढी करताना विचारायचो, तू दप्तर भरताना विचारायचो, "बोल पाहू एक आकडा." तुझा बाप रुळांच्या तड्यांचा अभ्यास करणारा इंजिनिअर. नव्या मुलांना मीच शिकवायचो की नाण्याला मागचं काही आठवत नसतं, दहा वेळा छापा पडला म्हणून अकराव्या वेळी काटा पडायलाच हवा असं नाही. आणि तोच शहाणा दुपारी ऑफिसच्या आलेख-कागदावर ठिपके देत बसायचा, की सात बरेच दिवस आला नाही, तेव्हा आता त्याची पाळी. कागदाने दगा दिला की मी तुझ्याकडे यायचो. आणि तुझाही आकडा हुकला की घरी येऊन गप्प बसायचो. तू विचारायचीस, "बाबा, मैंने ग़लत बोला क्या?" मी "नाही गं" म्हणायचो, पण पानावरून अर्धवट उठायचो. पुढे तू आकडा सांगायच्या आधी डोळे मिटून कितीतरी वेळ विचार करायला लागलीस. एकदा तर मी हाक मारली तशी न्हाणीघरात गेलीस आणि शाळेची रिक्षा येईपर्यंत बाहेर आली नाहीस. मी दाराबाहेर उभा होतो, रुचा. माझ्या अंगावर ऑफिसचे कपडे होते आणि मी दार वाजवत होतो.

आणखी एक. कथकच्या मॅडम भोपाळला गेल्या म्हणून तुझा क्लास बंद झाला, असं मी तुला सांगितलं होतं. मॅडम कुठेही गेल्या नव्हत्या. तीन महिन्यांची फी माझ्या हातून टपरीवर गेली होती. पुढच्या वर्षी अमीनाबादेत त्या तुला भेटल्या, तुझ्या गालाला हात लावून "आना क्यों छोड़ दिया बेटा?" म्हणाल्या, आणि तू घरी येऊन एक शब्द बोलली नाहीस. हे मला आईने अलीकडे सांगितलं, तिला मॅडमकडून कळलं होतं. बारा वर्षांच्या मुलीने बापाचं खोटं झाकावं, याची लाज मला या जन्मात पुरेल.

तोवर पाणी डोक्यावरून गेलेलंच होतं. मी आईच्या डोळ्यांत धूळ फेकत होतो, विनाकारण चिडत होतो. जिंकल्याचा आनंदसुद्धा उरला नव्हता. जिंकलो की पुढचा निकाल किती वाजता, एवढंच डोक्यात यायचं. तरी मी स्वतःला जुगारी म्हणत नव्हतो. जुगारी म्हणजे दारू पिणारे, घर विकणारे. मी तर मानक नगरातला रेल्वेचा अधिकारी.

मग तुझा तो ताप. दुपारी आईने थर्मामीटर उजेडात धरून "अहो, एकशे तीन!" म्हटलं आणि मला डॉक्टरांना आणायला पिटाळलं. खरं सांगतो, तिच्या तोंडून मला ताप ऐकूच आला नाही. मला तीन ऐकू आला. मी स्कूटर आधी माणिकलालकडे नेली. चारच्या निकालाला चाळीस मिनिटं होती. ती चाळीस मिनिटं मी तिथे स्टुलावर बसून काढली, आणि तिथून डॉक्टरांचा दवाखाना दिसत होता. तीन लागला. मग डॉक्टरांना मागे बसवून घरी आलो. तुझे ओठ सुकले होते, आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती, आणि तू माझ्या तोंडाकडे पाहून हसलीस आणि विचारलंस, "बाबा, तीन आया क्या?" तुला ते कसं कळलं, असं मी तुला कधी विचारलं नाही. तुझा चेहरा एवढा समाधानी होता, जणू एकदाचा तुझा आकडा तू बरोबर दिलास. आपला ताप बाबांच्या कामी आला, असं माझ्या पोरीला वाटलं होतं.

टायफॉइड निघाला, महिनाभरात तू बरी झालीस. पण तापाच्या त्या पहिल्याच संध्याकाळी मी आईपुढे सगळं ओकलो. पगार तिने स्वतःकडे घेतला आणि भाजीला ती स्वतः जायला लागली. ऑफिसातल्या विश्वासकाकांना मी हात जोडून सांगितलं, तेव्हापासून ते रोज सुटल्यावर मला चालत घरापर्यंत सोडतात. तुला वाटायचं, काका आईच्या हातच्या चहासाठी येतात. पाच वर्षं झाली. पण तुला मी काहीच सांगितलं नाही. नुसतं आकडे विचारायचं बंद केलं. तुला काय वाटलं असेल? आपले आकडे चुकतात म्हणून बाबांनी विचारायचं सोडलं, असंच ना? तर नीट ऐक. तुझा एकही आकडा चुकला नाही. ते आकडे तुझे नव्हतेच. आकड्यांत काही नसतं हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. माझ्या हरण्याचं ओझं उचलायला मला कुणीतरी हवं होतं, आणि मी त्यासाठी घरातलं सगळ्यात लहान माणूस निवडलं. याची मी तुझी माफी मागतो.

आता त्या रविवारचं. तू आनंदाने नव्या खोलीचा नंबर सांगितलास. तो मी इथे लिहीत नाही. तुला खिडकी मिळाली, बाहेर कडुनिंब आहे, हे तू पुढे सांगत होतीस, आणि मला त्या नंबराचा शेवटचा आकडा तेवढा ऐकू येत होता, पूर्वीसारखाच. म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी विश्वासकाका रजेवर होते. मी आलमबागला गेलो आणि पाच वर्षांनी तिकीट घेतलं. ते लागलं की नाही हे तू विचारू नकोस, मला ते सांगायची चटक परत लागायला नको. घरी येऊन आईला सांगितलं, रात्रीपर्यंतही थांबलो नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. तेव्हा माझी एक विनंती आहे, बेटा. निदान काही दिवस मला कुठलाही नंबर सांगू नकोस. खोलीचा, बसचा, परीक्षेचा, काही नाही. मेसमध्ये काय जेवलीस, कुठली मैत्रीण घोरते, कुणाशी भांडलीस, ते सगळं मला सांग. आकडे आईला सांग. काल तुझं निकालाचं पाकीट आलं. पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं. मी ते न फोडता आईला दिलं, ती आत जाऊन वाचून आली, आणि मी एवढंच विचारलं, "पोर पास झाली?" ती "हो" म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. तुला किती मार्क पडले ते मला माहीत नाही, रुचा. मी फार फार खूश आहे.

तुझाच,
बाबा