वयोगट बारा ते अठरा

१ मे

प्रिय इस्क्रा,

शेजारच्या त्सोन्काने तुला फोन करून कळवलं म्हणे, की तुझ्या बापाचं डोकं फिरलंय, तो दिवसभर पोराटोरांची पुस्तकं वाचत बसतो आणि टोमॅटोची रोपं अजून खिडकीतल्या डब्यांतच उभी आहेत. रविवारी तू हसत हसत विचारलंस, "बाबा, खरं का हे?" मी "हो, खरंय" म्हटलं आणि फोन तुझ्या लेकीच्या, झोरीच्या हातात दिला. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र. रोपं काल लावली. बाकी त्सोन्का सांगते ते सगळं खरं आहे, डोक्याचं तेवढं सोडून. तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्या बाईंना दुपारी झोपवलंस की निवांत बसून वाच, लांबलचक होणार आहे.

तू कामासाठी स्पेनला, व्हॅलेन्सियाला गेलीस तेव्हा झोरी अकरा वर्षांची होती. पहिल्या सहा महिन्यांत आमच्या घरात जे काही बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "झाला." टेबलावर पाण्याच्या जगला पुस्तक टेकवून ती जेवायची. मला भयंकर राग यायचा. चौतीस वर्षं मी टगबोटीच्या इंजिनखोलीत काढली. तिथे जेवताना माणसं निदान एकमेकांना शिव्या तरी द्यायची. मग एकदा फेब्रुवारीत ती पुस्तक टेबलावर विसरून शाळेत गेली. मी घेवड्याचं सूप चुलीवर ठेवलं होतं. एवढं काय आहे यात, म्हणून उघडलं. मिठागराच्या गावातली एक पोरगी, मारिना तिचं नाव. तिचा भाऊ बुडाला तो अपघाताने नाही, हे फक्त तिला माहीत आहे आणि ती गप्प आहे. आईसमोर रोज जेवायला बसते आणि गप्प राहते. मी भानावर आलो तो करपल्याचा वास आला म्हणून. तुझ्या आईचं ते निळं पातेलं, त्याचा तळ अजून काळा आहे.

संध्याकाळी मी आमच्या दोघांपुढे ब्रेड आणि चीज ठेवलं आणि म्हटलं, "त्या मारिनाने आईला पहिल्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं." झोरीचा हात तोंडापाशीच थांबला. "आजोबा, तू वाचलंस?" "सत्तर पानं." "मग गप्प बस. एकशेवीसपर्यंत ये, मग बोल." इस्क्रा, सहा महिन्यांतलं ते तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं. मी त्या रात्रीच्या जेवणाला कधी नव्हे एवढा खूश होतो. दोन दिवसांत एकशेवीसपर्यंत पोचलो आणि कळलं की पोरीचं बरोबर होतं, मारिनाला सांगता येणंच शक्य नव्हतं. तसं मी कबूल केलं. माझ्या आयुष्यात मी किती वेळा कबूल केलंय की माझं चुकलं? तुझी आई असती तर तिने कॅलेंडरवर खूण केली असती.

ते पुस्तक संपलं, तिने दुसरं दिलं, मग तिसरं. मग मला तिच्या वेगाची वाट बघवेना, म्हणून मी स्वतःच चितालिश्तेत, आपल्या गावच्या त्या जुन्या वाचनमंदिरात गेलो. वरच्या मजल्यावर नाचाचा वर्ग अजूनही तसाच धडधडतो, खाली पुस्तकांची खोली. ग्रंथपाल सेवदाबाईंनी विचारलं, "कुणासाठी हवंय?" मी म्हटलं, "मला." कपाटावर पाटी होती, 'वयोगट बारा ते अठरा'. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मेतोदीकाका, बाराच्या वर आहात ना? मग झालं तर." तेव्हापासून चार वर्षांत ते कपाट मी खालून वरपर्यंत दोनदा वाचलंय. नवीन पुस्तक आलं की सेवदाबाई मला आधी कळवतात आणि झोरी यावरून दोन दिवस रुसते.

गुत्त्यातल्या मंडळींनी माझं काय केलं असेल ते तू ओळखशीलच. गेचो पहिल्याच दिवशी ओरडला, "मेतोदी, तोंड इकडे कर बघू! मुरमं आली का रे?" कुणीतरी मला राकियाऐवजी लिंबू सरबत मागवलं. मी ते प्यायलो आणि म्हटलं, "तुम्ही मोठ्या माणसांची पुस्तकं वाचता काय? मग सांगा, शेवटचं कधी वाचलंत?" गेचो म्हणाला, "मी औषधाच्या डबीवरचं वाचतो, सकाळ-संध्याकाळ." पण मला खरंच का आवडतात ही पुस्तकं, हे त्याने नंतर एकदा एकट्याने विचारलं. मी सांगितलं, की बघ, आपल्या वयाला सगळं दुसऱ्यांदा नाहीतर विसाव्यांदा होतं. पंधरा वर्षांच्या माणसाला सगळं पहिल्यांदाच होत असतं. पहिल्यांदा फसवलं जाणं, पहिल्यांदा कुणीतरी आवडणं, आपला बाप भित्रा आहे हे पहिल्यांदा कळणं. त्यांना अजून हे माहीत नसतं की यातून माणूस निभावून जातो. म्हणून ती जीव तोडून लढतात. इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा जसं अख्खी बोट हलवून सोडतं, तसं. गेचोने आपला ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, "त्यातलं एखादं बारीक दे, जाड नको."

आता जे सांगतोय ते मी तुझ्यापासून लपवलं. ओरडायचं तर माझ्यावर ओरड. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, दहा वाजता शाळेतून फोन आला की झोरी आली नाही. सकाळी सातला ती दप्तर घेऊन माझ्या डोळ्यांसमोर निघाली होती. त्सोन्का दारातच किंचाळली, "पोलिसांना कळवा! नदीकडे बघा!" पण मी तिच्या पलंगावर बसलो आणि विचार केला. शंभरावर पुस्तकांत पळून गेलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यातलं एकही नुसतं घरातून पळत नाही, ते कुणाकडे तरी जायला निघतं. ही कुणाकडे जाईल? तुझ्याकडे. तुझ्याकडे जायचं तर विमानासाठी आधी राजधानी, सोफिया, आणि सोफियाला जायचं तर सकाळची छोटी गाडी, मग जंक्शनवर तीन तास खोळंबा. मी गेचोला हाक मारली. त्याची जुनी मोस्क्विच गाडी काढली. वाटेत तो मला शिकवत होता, "दोन ठेवून द्यायच्या, सरळ होते." मी म्हटलं, "तू गाडीतच बसायचंस."

ती जंक्शनच्या फलाटावर शेवटच्या बाकावर होती. दप्तर मांडीवर, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी. मी जाऊन शेजारी बसलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओरड एकदाचा." मी म्हटलं, "ओरडणारे आजोबा चाळिसाव्या पानावर गोष्टीतून बाहेर जातात. मला शेवटपर्यंत राहायचंय." आधी तिला हसू आलं. मग ती अशी रडली, इस्क्रा, की तिकीट खिडकीतली बाई बाहेर येऊन उभी राहिली. आम्ही तिथे तास-दीड तास बसून सगळ्या बिया संपवल्या. तिने सांगितलं की आदल्या रविवारी तिला फोनवर तुला एका पुस्तकाचं शेवटचं पान वाचून दाखवायचं होतं. एकच पान. तू म्हणालीस, "नंतर हं, राणी, बाईंना औषध द्यायचंय. गणितात किती पडले?" तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, औषध वेळेवरच द्यावं लागतं. पण ती म्हणाली, "आजोबा, आईला मी अजून अकरा वर्षांचीच वाटते. मी दिसले की तिला ओळखू येणार नाही, म्हणून मीच जाऊन दाखवणार होते." एवढंच. तिला काही घर सोडायचं नव्हतं. मी तिला म्हटलं, की ते पान मला वाचून दाखव. तिने दाखवलं, त्या फलाटावर, मोठ्याने. गेचोला गाडीत बसून राहवलं नाही, तो मागे खांबाआड उभा राहून ऐकत होता. परत येताना त्याने त्या दोन थोबाडीत द्यायच्या गोष्टीचं नावही काढलं नाही, उलट विचारलं, "त्याच्या आधीच्या पानांत काय होतं?"

आणि आता ज्यामुळे माझी छाती अजून फुगलेली आहे ते ऐक. एप्रिलमध्ये चितालिश्तेची वार्षिक सभा झाली. अध्यक्ष आता स्तामेनोव आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी मांडलं की बारा ते अठराचं कपाट तळघरात हलवावं, नाचाच्या वर्गाच्या पोशाखांना जागा हवी. म्हणाले, "मुलं मोबाईलवर असतात. ही पुस्तकं वाचतं कोण? आणि ती पुस्तकं तरी कसली, सगळी रडगाणी आणि पळापळ." तळघरात दर वसंतात नदीचं पाणी झिरपतं, हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी उठणार तेवढ्यात माझ्या कोटाला हिसका बसला. झोरी म्हणाली, "तू नको. तू शिव्या देशील." आणि ती उभी राहिली. हात तिने पाठीमागे धरले.

ती म्हणाली, "आमच्या वर्गात आम्ही सतरा जण आहोत. नऊ जणांची आई किंवा बाबा बाहेरदेशी आहेत. तिघांचे दोघंही. आम्ही शाळेतून घरी येतो तेव्हा घरात आज्जी असते, नाहीतर आजोबा, नाहीतर फ्रिजवर चिठ्ठी. या पुस्तकांतल्या मुलांच्या घरीही बहुतेक कुणी नसतं. तरी ती शेवटच्या पानापर्यंत पोचतात. ते कसं पोचायचं हे आम्हाला दुसरं कुणी सांगत नाही. तुम्ही याला रडगाणी म्हणता, पण ती रडून झाल्यावर काय करायचं त्याची पुस्तकं आहेत. आणि माझे आजोबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते माझ्याशी बोलायला लागले ते या कपाटामुळे." मग ती खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अख्ख्या सभागृहात असा एकही माणूस नव्हता ज्याच्या घरातलं कुणीतरी बाहेरदेशी नव्हतं. स्तामेनोवचा मुलगा जर्मनीत ट्रक चालवतो, नात इथे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मतदानाची गरज आहे असं मला वाटत नाही, पण घेऊन टाकू." चार जण पोशाखांच्या बाजूने, एकतीस कपाटाच्या. गेचोने दोन्ही हात वर केले होते, एक खाली घ्यायला लावला. आता ते कपाट नदीकडच्या खिडकीपाशी आहे, पोशाख तिसऱ्या मजल्यावर. सेवदाबाईंनी पाटी मात्र बदलली नाही. मी म्हटलं, राहू दे.

घरी येताना मी रस्त्याच्या मधून चालत होतो. त्सोन्काने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझी नात बोलली."

तर इस्क्रा, मी हे का लिहितोय ते आता सांगतो, आणि सांगताना एक वचन मोडतोय. चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, मिरवणुकीआधी चौकात सगळ्या शाळेच्या वतीने झोरी बोलणार आहे. सभेतलं ऐकून मुख्याध्यापिकाबाईंनी तिला स्वतः बोलावून सांगितलं. तिने माझ्याकडून शपथ घेतली, "आईला कळवू नकोस. तिला सुट्टी मिळणार नाही, मग ती फोनवर रडेल, आणि फोनवर रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नाहीये." मला एक गोष्ट तुझ्याशी कधी बोलता आली नाही, ती आज लिहितो. तू पंधरा वर्षांची होतीस तेव्हा मी नदीवर, पासाऊ आणि इझ्माइल बंदरांच्या मधे कुठेतरी इंजिनाला तेल घालत होतो. घरी आलो की तुला विचारायचो, जेवलीस का, मार्क किती पडले. तुला त्या वर्षी काय काय झालं असेल, कशाने रडू आलं असेल, कोण आवडलं असेल, मला काही माहीत नाही. ही पुस्तकं वाचताना प्रत्येक पोरीच्या जागी मी तुला शोधत होतो, हे झोरीलाही माहीत नाही. ते वर्ष माझ्या हातून गेलं, ते मला कुणी परत देणार नाही. तुझ्या हातात अजून तीन आठवडे आहेत. बाईंच्या मुलीला सांग, एक आठवडा तिने आईला सांभाळावं. तू ये. चौकात मागे, फार्मसीच्या पायऱ्यांवर उभी राहा, तिथून सगळं दिसतं. तिचं बोलून झालं की तिच्याकडे जा, आणि मार्क विचारू नकोस. सध्या काय वाचतेस, एवढंच विचार. फक्त दिवस कळव, विमानतळावर मी येतो, गेचोची गाडी आणतो.

तुझाच,
उशिरा वाचायला शिकलेला
बाबा